गाडीखाली पडणारा ऑईलचा थेंब

आपल्या वस्त्यांमधून फेरफटका मारला तर अनेक घरांसमोर रोजीची गाडी उभी दिसते. कुठे ४०७, कुठे पिकअप, कुठे छोटा हत्ती. मुलांची फी, बँकेचा हप्ता, आजीची औषधे, सगळे त्या गाडीच्या चाकांवर चालते. आणि यातल्या बऱ्याच गाड्यांखाली, इंजिनाच्या अगदी खाली, जमिनीवर एक काळा डाग असतो. घरातल्या बायका तो साबणाची पूड टाकून घासतात, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. गाडीवाल्याला विचारावे तर उत्तर ठरलेले असते : ‘‘थोडं ऑईल गळतंय. बोल्ट कसून घेतो.’’

या ‘कसून घेतो’बद्दलच आज वाचकांशी बोलायचे आहे. आम्ही शाळेत शिकवतो, गॅरेज चालवत नाही. पण आमच्या घरात गेली कित्येक वर्षे ४०७ आहे, वर्गातली निम्मी मुले ड्रायव्हर-मेस्त्रींच्या घरची आहेत, आणि या एका बोल्टपायी चांगली चालती इंजिने बसलेली आम्ही पाहिली आहेत.

आधी बोल्ट कोणता ते सांगू. इंजिनाच्या तळाशी पातेल्यासारखा एक भाग असतो. इंग्रजी पुस्तकात त्याला काहीही म्हणोत, आपल्याकडे सगळे त्याला चेंबर म्हणतात. इंजिनातले सारे ऑईल फिरून-फिरून याच चेंबरमध्ये येऊन साठते आणि पंप ते पुन्हा वर ओढतो. ऑईल बदलताना जुने बाहेर काढता यावे म्हणून चेंबरच्या सर्वांत खालच्या जागी एक बोल्ट असतो. हाच ड्रेन बोल्ट किंवा ड्रेन प्लग. त्याच्या डोक्याखाली एक वायसर असतो. खरे काम हा वायसरच करतो. बोल्टचे आटे ऑईल अडवत नाहीत, ते फक्त वायसरला चेंबरच्या तोंडावर दाबून धरतात. ही एक गोष्ट ध्यानात आली की पुढचे सगळे सोपे होते.

आणखी एक समाधानाची बाब. चेंबरमध्ये साठलेल्या ऑईलवर पंपाचा दाब नसतो. वर बेअरिंगकडे जाणाऱ्या वाटांमध्ये दाब असतो, चेंबरात ते नुसते साठलेले असते. त्यामुळे इथली गळती बहुधा थेंबाथेंबाचीच असते आणि ती थांबवणेही तितकेच साधे असते, जर कुणी आधी बिघडवून ठेवले नसेल तर.

पण थेंब म्हणजे किती? सातवीच्या वर्गात आम्ही हा हिशोब एकदा फळ्यावर मांडला होता. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरू. दर मिनिटाला एक थेंब पडला तर दिवसाचे १४४० थेंब, म्हणजे ७२ मिली. महिन्याला दोन लिटरच्या वर. दर दहा सेकंदांनी एक पडला तर दिवसाला ४३२ मिली, म्हणजे अडीच दिवसांत एक लिटरहून अधिक. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचे वडील पिकअप चालवतात, हिशोब पुरा व्हायच्या आत म्हणाला, ‘‘सर, आज घरी जाऊन मोजतो.’’ त्या दिवशी आम्हाला गणिताच्या तासाचे फार समाधान वाटले.

इंजिनातला क्रँक आणि त्याचे बेअरिंग ही धातूची दोन अंगे एकमेकांना टेकत नाहीत. मध्ये ऑईलचा पातळ थर असतो आणि त्यावर सगळा भार तरंगतो. ऑईल इतके कमी झाले की पंप हवा ओढू लागला, तर तो थर फाटतो. मग धातूवर धातू घासतो, उष्णता वाढते, बेअरिंग वितळू लागते आणि इंजिन जाम होते. याला तास लागत नाहीत. म्हणून डॅशबोर्डवरचा ऑईलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला की ‘पुढच्या पंपावर बघू’ म्हणायचे नाही. गाडी कडेला घ्यायची आणि लगेच इंजिन बंद करायचे. तो दिवा ‘ऑईल कमी होत आहे’ असे सांगत नाही, दाब गेला असे सांगतो. कमी होत असल्याचे फक्त मोजपट्टी सांगते, तीही काढून पाहिली तर.

आमच्या मोठ्या भाईजानांची ४०७ तासगावहून द्राक्षे घेऊन वाशीच्या मार्केटला जाते. संध्याकाळी माल भरायचा, रात्रभर चालवून पहाटेपूर्वी पोहोचायचे. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासची वाट, त्यात खंबाटकी आणि खंडाळा असे दोन घाट. (ही गाडी १९८६ साली बाजारात आली. तिच्या सोबतीने जपानी कंपन्यांच्या भागीदारीतल्या छोट्या ट्रकांची गर्दी उतरली होती. ती नावे आता फारशी ऐकू येत नाहीत, ४०७ मात्र अजून प्रत्येक बाजारात दिसते.) द्राक्षाचा हंगाम तीन-चार महिन्यांचा. त्या दिवसांत गाडी दोन दिवस उभी राहिली तर नुसते भाडे जात नाही, बागायतदार दुसरी गाडी लावतो आणि पुढच्या वर्षी तिकडेच जातो.

ऐन हंगामात भाभींनी सांगितले की अंगणातला डाग मोठा होत चालला आहे. पूर्वी तो बशीएवढा असायचा, आता ताटाएवढा झाला होता. भाईजानांनी पंधरवड्यापूर्वी महामार्गावरच्या एका गॅरेजात ऑईल बदलून घेतले होते. तिथल्या पोराने जुनाच वायसर परत घातला आणि गळू नये म्हणून पान्याला लोखंडी पाइप लावून बोल्ट आवळला. दोन दिवसांनी थेंब दिसला तेव्हा दुसऱ्या ठिकाणी आणखी पाव वेढा. आठवड्याने आणखी थोडा. दर वेळी एक-दोन दिवस बरे वाटायचे, मग पुन्हा थेंब.

पाइप लावला की काय होते, तेही हिशोबानेच पाहू. माणूस पान्यावर सहज वीस किलोचा जोर लावतो, म्हणजे सुमारे २०० न्यूटन. पाना वीस सेंटिमीटरचा असेल तर बोल्टवर पिळ येतो ४० न्यूटन-मीटरचा. तोच जोर एक मीटरच्या पाइपच्या टोकाला लावला तर पिळ होतो २०० न्यूटन-मीटर. हाताला फरक जाणवत नाही, बोल्टला पाचपट जाणवतो. लहान गाड्यांच्या ड्रेन बोल्टना तीस-चाळीस न्यूटन-मीटर साधारणपणे पुरतात, मोठ्या बोल्टना जास्त लागतात. आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मिळतो. तो एकदा विचारून डायरीत लिहून ठेवावा. हे पुस्तक बहुतेक घरांत विम्याच्या कागदांखाली न उघडता पडलेले असते.

आम्ही भाईजानांना घेऊन एका जुन्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी गाडीखाली डोकावून पाहिले आणि इतकेच म्हटले, ‘‘अब और मत कसो.’’ मग त्यांनी जे केले ते इथे सविस्तर लिहितो, कारण ते क्रमाने करण्यासारखे आहे.

पहिले काम म्हणजे गळती खरोखर ड्रेन बोल्टचीच आहे का, हे ठरवणे. बोल्ट सर्वांत खाली असतो. त्यामुळे वरून कुठूनही निघालेले ऑईल ओघळत शेवटी त्याच्याच टोकावर येऊन लटकते. वरच्या झाकणाचे पॅकिंग, ऑईल फिल्टर, चेंबरचे पॅकिंग, क्रँकचे पुढचे किंवा मागचे ऑईल सील, यातले काहीही दोषी असू शकते. चालत्या गाडीत वारा ते ऑईल मागेही पसरवतो. उस्तादांनी चेंबर आणि बोल्टच्या आसपासचा भाग डिझेलच्या फडक्याने पुसला, कोरड्या कापडाने स्वच्छ केला आणि वर साधी टाल्कम पावडर भुरभुरली. खाली पुठ्ठा ठेवून इंजिन दहा मिनिटे चालवले आणि मग अर्धा तास गाडी उभी ठेवली. पावडरीवर ओली रेघ जिथून सुरू होते, तिथे गळती. आमच्या बाबतीत ती बोल्टच्या डोक्याभोवतीच होती. ही परीक्षा घरीही करता येते, फक्त इंजिन चालू असताना खाली हात घालू नये.

गळणारा पदार्थ इंजिन ऑईलच आहे ना, हेही पाहावे. डिझेल इंजिनाचे ऑईल काजळीमुळे लवकर काळे होते. हिरवे-गुलाबी पाणी असेल तर ते रेडिएटरचे. उग्र, गंधकासारखा वास येत असेल तर गिअर किंवा हौसिंगचे ऑईल. आणि चाकाच्या आतल्या बाजूने पातळ तेलकट काही उतरत असेल तर ते ब्रेकचे असू शकते. तसे असेल तर गाडी जागची हलवू नये, मेस्त्रीलाच तिथे बोलवावे.

आता गाडीखाली शिरण्याबद्दल. याबाबत आम्हाला थोडे कठोर बोलायचे आहे. गाडीखाली माणूस असताना जॅक निसटला तर वाचवायला वेळ मिळत नाही. गाडी सपाट, टणक जागी उभी करावी. हँडब्रेक, गिअर आणि चाकांना पुढून-मागून ठोकळे, तिन्ही. चावी खाली शिरणाऱ्याच्या खिशात. ४०७सारख्या उंच गाडीखाली बहुधा जॅक न लावताच हात पोहोचतो, मग लावूच नये. लावावाच लागला तर चासीखाली घोडे किंवा मजबूत लाकडी ठोकळे दिल्यावरच खाली जावे. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक कधीही नाहीत, ते भाराखाली एकाएकी फुटतात. ‘दोन मिनिटांचं काम आहे’ असे ज्या कामाबद्दल म्हटले जाते, तिथेच ही काळजी सुटते. घरात कुणी असे खाली शिरत असेल तर बहिणींनी, मुलांनी त्याला सरळ बाहेर बोलवावे, रागावला तरी चालेल.

ऑईल काढताना इंजिन कोमट असावे, नुकतेच घाटातून आलेले नसावे. गरम ऑईल हातावर आले तर चांगलेच भाजते. भाईजानांचे ऑईल पंधरा दिवसांचेच होते, म्हणून उस्तादांनी ते धुतलेल्या कोरड्या टबात घेतले आणि धूळ पडू नये म्हणून वर झाकण ठेवले. असे ताजे ऑईल स्वच्छ राहिले तर परत घालता येते. जुने झाले असेल तर मोह करू नये.

बोल्ट उघडण्यासाठी गोल रिंगचा पाना किंवा बॉक्स पाना वापरावा. उघड्या तोंडाचा पाना निसटला की बोल्टचे कोपरे जातात, आणि कोपरे गेले की छिन्नी-हातोडा येतो.

बोल्ट हातात आल्यावर उस्तादांनी वायसर बोटाने काढून आम्हाला दाखवला. तांब्याचा होता. एका बाजूला खोल गोल चर पडलेला, एका कडेला चपटा होऊन बाहेर आलेला. मऊ तांबे दाबले गेले की चेंबरच्या तोंडावरचे बारीक ओरखडे भरून काढते, त्यामुळेच ऑईल अडते. पण दाबले गेलेले तांबे कठीण होते. तोच वायसर पुन्हा घातला तर तो जुन्या चरावर नेमका बसत नाही आणि नवा आकारही घेत नाही. मग तुम्ही कितीही कसा.

नवा वायसर दहा-वीस रुपयांत मिळतो. रात्री-अपरात्री मिळाला नाही तर तांब्याचा जुना वायसर लालसर होईपर्यंत तापवून थंड केला की पुन्हा मऊ होतो. पोलादासारखे तांब्याचे नसते, ते पाण्यात टाकून थंड केले तरी कडक होत नाही. तांबट लोक भांडे ठोकताना मधून-मधून ते भट्टीत का घालतात, त्याचे कारण हेच. मात्र ही युक्ती ॲल्युमिनियमच्या किंवा रबर चिकटवलेल्या वायसरला चालत नाही. तो नवाच घ्यावा. बरेच जण वायसराऐवजी नळाची टेफ्लॉन टेप किंवा सुतळी गुंडाळतात. तिचे धागे सुटून आत गेले तर पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. एका थेंबासाठी ऑईलची वाटच बंद करण्यासारखे हे आहे.

मग त्यांनी बोल्टचे आटे फडक्याने पुसून उजेडात धरले. आट्यांमध्ये धातूची चकचकीत कात अडकलेली होती. ती कात कुणाची, हा महत्त्वाचा प्रश्न. बोल्टचे आटे झिजले असतील तर नवा बोल्ट आणि वायसर घातला की काम संपले. चेंबरचे आटे गेले असतील तर खर्च वाढतो. नवा बोल्ट घेताना जुना सोबत न्यावा. जाडी सारखी दिसली तरी आट्यांमधले अंतर वेगळे असू शकते. १४ मिलिमीटरचा बोल्ट १.५ आणि १.२५ अशा दोन्ही आट्यांत मिळतो. चुकीचा बोल्ट एक-दोन वेढे गोडीने जातो आणि मग अडतो. तिथे जोर लावला की चेंबरचे आटे गेलेच म्हणून समजा.

नवा बोल्ट उस्तादांनी पाना न लावता, नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवला. तो सहज गेला. आमच्या चेंबरचे आटे शाबूत निघाले. चेंबरचे तोंड त्यांनी मऊ कापडाने पुसले, कानस लावली नाही. तिथे एक ओरखडा पडला तरी तो कायमचा. शेवटी टॉर्क पाना. ठरलेल्या आकड्यावर तो ‘टक’ असा आवाज करतो. तो झाल्यावर भाईजानांनी सवयीने ‘‘आणखी थोडा?’’ असे विचारले. उस्तादांनी पाना काढून डब्यात ठेवला.

ऑईल परत घातल्यावर इंजिन सुरू करून लाल दिवा विझल्याची खात्री केली. बंद करून थोडे थांबले, मोजपट्टी पुसून पुन्हा बुडवली, पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ आली. खालच्या पुठ्ठ्यावर काही नाही. त्याच रात्री गाडी वाशीला गेली. पहिल्या फेरीनंतर बोल्टला हात लावून ओलावा पाहायला त्यांनी सांगितले होते. पाहायचा, कसायचा नाही.

सगळ्यांचे इतक्यात भागत नाही. चेंबरचे आटे गेलेच असतील तर त्यात नवे आटे बसवता येतात. भोक थोडे मोठे करून, नवे आटे पाडून, त्यात तारेच्या गुंडाळीसारखे पोलादी आटे घालतात. गॅरेजात त्याला हेलिकॉईल म्हणतात. चांगले बसले तर मूळच्यापेक्षा टिकाऊ असते. पण आटे पाडताना धातूची कात आत पडते. त्यामुळे चेंबर उतरवून, धुऊन हे काम करणारा मेस्त्री निवडावा, गाडीखाली झोपून पंधरा मिनिटांत करून देतो म्हणणारा नव्हे. थोडा जाड बोल्ट जबरदस्तीने घुसवून ‘तो आपले आटे आपण पाडतो’ असे सांगणारेही भेटतात. तो एकदा बसतो. पुढच्या ऑईल बदलीला काय होणार, हे तेव्हा कुणी सांगत नाही.

पत्र्याचे चेंबर असेल आणि बोल्टच्या आतल्या नटाभोवती तडा गेला असेल तर वेल्डिंग होते. ॲल्युमिनियमचे असेल तर त्याला वेगळे, आर्गनचे वेल्डिंग लागते आणि ते येणारा कारागीर लागतो. दोन्हींत चेंबर खाली उतरवून, ऑईलचा अंश राहणार नाही असे धुऊनच वेल्डिंग करावे. ऑईल लागलेल्या चेंबरला गाडीवरच ठिणगी लावणे म्हणजे आगीला बोलावणे. एम-सीलसारखा लांबी भरण्याचा उपाय घरापर्यंत पोहोचण्यापुरता ठीक, तोही दर काही किलोमीटरला थांबून पट्टी पाहत.

एक गोष्ट शिक्षक म्हणून. महामार्गावरच्या त्या पोरावर आम्हाला राग धरवत नाही. पाइप लावायला त्याला कुणीतरी शिकवले असेल, वायसर बदलायला कुणी शिकवले नसेल. आमच्या शाळेतूनही दर वर्षी एक-दोन मुले सुट्टीत ‘काम शिकायला’ जातात आणि परत येत नाहीत. चौदा वर्षांखालील मुलाला गॅरेजात कामाला ठेवणे २०१६च्या दुरुस्तीनंतर कायद्याने बंदच आहे, हे गॅरेजमालकांना सांगितले तर ते हसतात. हात चांगला असलेल्या मुलाला दहावी करू द्यावे. त्यानंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तिथे टॉर्क पाना पहिल्या वर्षीच हातात येतो. उस्तादांकडे आठ वर्षे राहूनही काहींच्या हातात तो येत नाही.

आणि हो, काढलेले काळे ऑईल. आपल्याकडे ते गटारात ओतले जाते, वाळवीसाठी लाकडाला फासले जाते, चुलीत सरपणावर टाकले जाते. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेले ऑईल येते, ते उगाच नव्हे. ते पाण्यावर पसरते, मातीत टिकून राहते, जाळले तर त्याचा धूर घरातच राहतो. कातडीलाही ते वाईट. मेस्त्रीकाम करणाऱ्यांच्या हातांना भेगा पडतात त्या काही नुसत्या श्रमाने नव्हेत. हातमोजे घालावेत, हात पेट्रोलने न धुता साबणाने धुवावेत, ऑईलचे कपडे लेकरांच्या कपड्यांत मिसळू नयेत.

जुने ऑईल झाकणाच्या कॅनमध्ये साठवून, त्यात पाणी किंवा डिझेल न मिसळता, पुनर्प्रक्रियेसाठी ते उचलणाऱ्या परवानाधारकाला ज्या गॅरेजातून जाते तिथे द्यावे. आमच्या भाभींनी पायरीशेजारी पाच लिटरचा एक कॅन त्यासाठीच ठेवला आहे. त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत उर्दू आणि मराठीत ‘खाण्याचे तेल नाही’ असे लिहिले आहे.